कोकमाच्या अर्काभोवतीचं ते वर्तुळ

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ऐन भरात होते. सकाळी प्रयोगशाळा उघडून मी पर्स टेबलावर ठेवतेय तोवर माझी विद्यार्थिनी इनक्युबेटरमधून काढलेली प्लेट दोन्ही हातांत धरून समोर उभी राहिली. "मॅडम, बघा." पिवळसर अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूची दुधावर साय धरावी तशी सलग वाढ झाली होती, आणि मधोमध कोकमाचा लाल अर्क भरलेल्या वेलभोवती, म्हणजे अगारमध्ये पाडलेल्या छोट्या गोल खड्ड्याभोवती, जिवाणू न वाढलेली स्वच्छ, गोल, आरपार दिसणारी जागा. पट्टी लावली. वेल 6 मिलिमीटरचा, वर्तुळ जवळजवळ 2 सेंटिमीटरचं. ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूच्या प्लेटवरही तसंच, जरा लहान. नुसतं पाणी भरलेल्या वेलभोवती काहीच नाही. तीन प्लेट, तिन्हींवर तेच.

मी वहीवर सही केली. आज हे प्रकरण लिहायला घेतलंय ते त्या सहीमुळे. ती घाईची होती. त्यातून पुढे जे घडत गेलं ते वनस्पतींच्या अर्कावर काम करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने एकदा तरी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

प्रकल्पाचं नाव होतं "गार्सिनिया इंडिकाच्या फळसालीतील रासायनिक घटक आणि अर्काची जिवाणूरोधक व अँटीऑक्सिडंट क्षमता". गार्सिनिया इंडिका म्हणजे आपलं कोकम. आमचं कॉलेज सिंधुदुर्गात, त्यामुळे विषय अंगणातलाच. झाडावर असेपर्यंत रातांबा, साल वाळली की आमसूल किंवा सोलं, मीठ घालून रस काढला की आगळ, बियांचं तेल घट्ट झालं की टाचांच्या भेगांना लावायचं कोकम तेल. एप्रिल-मेमध्ये फळ पिकतं, आणि पहिला पाऊस यायच्या आत सगळं आवरावं लागतं. माझ्या विद्यार्थिनीची मावशी गावातल्या बचत गटात आगळ आणि आमसुलं करते. अर्कासाठीची आमसुलंही मावशीकडूनच आली होती. त्या वर्तुळाचा फोटो त्याच संध्याकाळी मावशीच्या मोबाइलवर पोचला. गटाची नवी लेबलं छापायला जाणार होती. मावशींनी विचारून पाठवलं, "जंतुनाशक" आणि "अँटीऑक्सिडंटयुक्त" असं लिहिलं तर चालेल ना? कॉलेजात सिद्धच झालंय म्हणे.

सिद्ध काय झालं होतं?

सालीत काय काय असतं

कोकमाच्या सालीतल्या तीन गोष्टी या प्रकरणात येतात, आणि तिघींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिली आम्लं. त्यात मुख्य हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल. वाळलेल्या सालीत ते वजनाच्या 10 ते 30 टक्क्यांपर्यंत भरतं. गार्सिनिया कुळातल्या फळांतलं हे आम्ल म्हणजे सायट्रिक नव्हे, त्याचा हा वेगळा भाऊ, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी 1965 मध्ये दाखवलं. त्याआधी या फळांचा आंबटपणा सायट्रिक किंवा टार्टारिक आम्लाच्या खात्यावर टाकला जायचा. हे आम्ल पाण्यात लगेच उतरतं.

दुसरा रंग. सायनिडिन-3-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-3-सॅम्ब्युबायोसाइड ही दोन अँथोसायनिनं. सोलकढीचा गुलाबी रंग यांचाच. तीही पाण्यात उतरतात, पण मोठी नाजूक. उष्णता, उजेड, हवा, अल्कली, कशानेही बिघडतात.

तिसरं गार्सिनॉल. पिवळं, स्फटिकरूप, पाण्याशी फारकत घेणारं. रेणुसूत्र C₃₈H₅₀O₆, रेणुभार सुमारे 602. याची रचना 1981 मध्ये कृष्णमूर्ती, लुईस आणि रवींद्रनाथ यांनी मांडली. बेन्झोफिनोनच्या गाभ्याला आयसोप्रीनच्या लांब तेलकट शेपट्या जोडलेल्या असतात. पाण्याच्या अर्कात गार्सिनॉल जवळपास येतच नाही. त्याला हेक्झेन, ॲसिटोन किंवा अल्कोहोल लागतं.

कोकमाच्या जिवाणूरोधक गुणांवर जे काही लिहिलं गेलंय त्यातलं बरंचसं श्रेय या तिसऱ्या रेणूला जातं. 1996 मध्ये जपानी संशोधकांनी गार्सिनिया कुळातल्या बेन्झोफिनोनांची चाचणी मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर घेतली, तेव्हापासून या रेणूंकडे लोकांचं लक्ष आहे. माझ्या विद्यार्थिनीनेही प्रबंधाच्या प्रस्तावनेत गार्सिनॉलबद्दल दोन पानं लिहिली होती. अर्क मात्र पाण्याचा काढला होता. प्रस्तावना एका रेणूची आणि प्रयोग दुसऱ्याच रेणूंवर, ही विसंगती तिच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

शंका आली ती दुसऱ्याच टेबलावरून

वर्तुळावर मी संशय घेतला नव्हता. संशय आला डीपीपीएचच्या आलेखावरून.

अँटीऑक्सिडंट क्षमता मोजायची ही चाचणी सोपी, म्हणून सगळे करतात. डीपीपीएच हा जांभळा रंग असलेला एक टिकाऊ मुक्त मूलक. नायट्रोजनवर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो. अर्कातल्या फिनॉलिक रेणूने त्याला हायड्रोजन दिला की जांभळा रंग जातो आणि फिकट पिवळा उरतो. मिथेनॉलमधलं द्रावण, अर्ध्या तासाचा अंधार, आणि मग फोटोमीटरवर 517 नॅनोमीटरला वाचन. शोषण जितकं घटलं तितकी अर्काची ताकद जास्त.

तिचा आलेख आधी वर गेला होता आणि नंतर खाली वाकला होता. अर्काची मात्रा वाढवत गेल्यावर क्षमता एका टप्प्यापर्यंत वाढते आणि पुढे कमी होते. तिने कारणही शोधून ठेवलं होतं की जास्त मात्रेत अर्क प्रो-ऑक्सिडंट, म्हणजे अँटीऑक्सिडंटच्या उलट वागणारा, होतो. कारण ऐकायला छान होतं, पण तेवढ्यावर विश्वास ठेवून पुढे जायला मन होईना.

मी विचारलं, "अर्ध्या तासानंतर नळ्यांचा रंग कसा दिसत होता?"

"शेवटच्या दोन लालसर होत्या, मॅडम."

पिवळ्या व्हायला हव्यात त्या नळ्या लाल. आणि लाल का? कारण कोकमाचं अँथोसायनिन आम्लात लाल असतं आणि त्याचं सर्वाधिक शोषण 510 ते 520 नॅनोमीटरच्या पट्ट्यात होतं. म्हणजे आपण डीपीपीएचचा उरलेला जांभळा मोजतोय अशा समजुतीत फोटोमीटर कोकमाचा लाल मोजत होता. जितका जास्त अर्क तितका जास्त लाल, तितकं जास्त शोषण, आणि आकडा सांगणार की मूलक अजून शिल्लक आहे. अर्क बिचारा काम करून मोकळा झाला होता, त्याचा रंगच त्याच्याविरुद्ध साक्ष देत होता.

उपाय साधा आहे आणि प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. प्रत्येक मात्रेसाठी डीपीपीएच न घातलेली, नुसत्या मिथेनॉलमध्ये तेवढाच अर्क असलेली एक नळी ठेवायची आणि तिचं वाचन वजा करायचं. तसं केल्यावर आलेख सरळ वर चढला आणि वर जाऊन सपाट झाला, प्रो-ऑक्सिडंटचा पत्ता नाही. त्याच आम्लतेचं सायट्रिक आम्लही तिने तपासलं, त्याने डीपीपीएचच्या रंगाला फारसा धक्का लावला नाही. म्हणजे इथे काम खरंच फिनॉलिक घटकांचं होतं.

पण त्या दुपारी माझ्या डोक्यात दुसरंच घोळायला लागलं. रंगाने एका टेबलावर आपल्याला फसवलं असेल तर दुसऱ्या टेबलावर आंबटपणाने काय केलं असेल? कपाटातून पीएच पट्टी काढून मूळ अर्काच्या बाटलीत बुडवली. पट्टी क्षणात गडद लाल. मीटर लावला तर पीएच 2 च्या आसपास. आणि हे आम्ही 7.2 ते 7.4 पीएच असलेल्या म्युलर-हिंटन अगारमध्ये ओतून वर्तुळ मोजलं होतं, तुलनेला नुसतं पाणी ठेवून.

कोण मारतंय?

पुढचे दोन आठवडे या एकाच प्रश्नावर गेले. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण खरं शिकणं इथेच झालं.

पहिली कल्पना सरळ होती. अर्क उदासीन करा आणि परत प्लेटवर घाला. तिने सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडायला सुरुवात केली. बीकरमधला तो बदल मी विसरणार नाही. आधी माणकासारखा लाल. मग लाली फिकी होत होत जवळजवळ जाते. मग जांभळट छटा येते, आणि पीएच 7 जवळ मळकट निळसर करडा रंग, पावसाळ्यात कपड्याला लागलेल्या डागासारखा. ही झटापट अँथोसायनिनची. आम्लात ते धनभारित लाल रूपात असतं, पीएच 4.5 च्या आसपास बिनरंगी रूपात जातं, पुढे निळसर रूपं येतात आणि रेणू हळूहळू तुटायला लागतो. (रंगाचं हे पीएचनुसार बदलणं वापरूनच अँथोसायनिन मोजतात. पीएच 1.0 आणि 4.5 अशा दोन द्रावणांत 520 आणि 700 नॅनोमीटरला वाचन घ्यायचं, फरकातून प्रमाण काढायचं. ते तिने आधीच नीट केलं होतं.)

उदासीन अर्काभोवती वर्तुळ उमटलं नाही. स्टॅफिलोकॉकसवर नाही, ई. कोलायवर नाही. मुलगी हिरमुसली. मी मात्र तिला म्हटलं की एवढ्यावर "आम्लानेच मारलं" असं लिहिता येणार नाही. उदासीन करताना आम्ल गेलं, पण सोबत रंगही बिघडला. खरा मारेकरी अँथोसायनिन असेल आणि आपण त्यालाच मोडून टाकलं असेल तर?

म्हणून दुसऱ्या फेरीत वेल असे भरले. एकात मूळ अर्क. एकात उदासीन अर्क. एकात उदासीन केलेलाच अर्क, पण सायट्रिक आम्ल घालून पुन्हा आंबट केलेला. एकात नुसतं सायट्रिक आम्ल. एकात हायड्रोक्लोरिक आम्ल, पीएच अर्काइतकाच. एकात मिठाचं पाणी, कारण मावशीकडची आमसुलं रसाची आणि मिठाची पुटं देऊन वाळवलेली होती आणि अर्कात मीठ उतरलंच असणार. दर वेळी तीन प्लेट.

सायट्रिक आम्ल किती घ्यायचं यावर आम्ही एक दिवस अडलो. नुसता पीएच जुळवून भागत नाही. अगार स्वतः थोडा बफर असतो, तो आत झिरपणाऱ्या आम्लाशी भांडतो. त्यामुळे द्रावणात एकूण आम्ल किती आहे ते जुळवायला हवं, म्हणजे टायट्रेशन, अल्कली थेंबाथेंबाने घालून आम्ल मोजणं. फिनॉल्फ्थॅलिन हा रंग बदलणारा दर्शक घालून बसली तर शेवटचा गुलाबी रंग कळेना, कारण अर्क स्वतःच लाल-जांभळा-करडा असे रंग दाखवतोय. शेवटी दर्शक बाजूला ठेवून पीएच मीटरवर 8.2 पर्यंत मोजलं. रंगीत अर्काचं टायट्रेशन असंच करायचं असतं, हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी तिला आधी फिनॉल्फ्थॅलिनची बाटली काढून दिली होती.

प्लेट उघडल्या तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मूळ अर्काभोवती तेच ओळखीचं वर्तुळ. नुसत्या सायट्रिक आम्लाभोवती जवळपास तेवढंच. रंग बिघडलेल्या पण पुन्हा आंबट केलेल्या अर्काभोवतीही तेवढंच. मिठाच्या पाण्याभोवती काही नाही, आणि ते साहजिक होतं, कारण स्टॅफिलोकॉकस ऑरियस 7.5 टक्के मिठाच्या माध्यमातही सुखाने वाढतो. हायड्रोक्लोरिक आम्लाभोवती अगदी पुसटशी कड. पीएच सारखा असूनही.

हा शेवटचा फरक समजून घेण्यासारखा आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पूर्ण फुटतं. पीएच 2 ला त्याची एकूण रक्कमच थोडी असते आणि अगारचा बफर ती चुकती करून टाकतो. सेंद्रिय आम्लांचं तसं नाही. ती अर्धवट फुटतात, साठा मोठा असतो, आणि न फुटलेला रेणू जिवाणूच्या पटलातून आत शिरतो. आतला पीएच उदासीनच्या जवळ, म्हणून तिथे तो फुटतो, आम्लता आत सोडतो, आणि ती बाहेर फेकण्यात पेशीची शक्ती खर्च होत राहते. लोणच्यातल्या लिंबाचं, व्हिनेगरचं काम याच तत्त्वावर चालतं.

खात्रीसाठी एक साधा खेळ केला. जिवाणू न लावलेल्या अगारमध्ये ब्रोमोथायमॉल ब्लू मिसळून तेच वेल भरले. हा दर्शक 7.6 च्या वर निळा आणि 6 च्या खाली पिवळा. रात्रभरात अर्काच्या आणि सायट्रिकच्या वेलभोवती हिरव्या प्लेटमध्ये पिवळी चकती तयार झाली, वाढ थांबलेल्या वर्तुळाहून थोडी मोठी. आंबटपणा कुठपर्यंत पोचला हे डोळ्यांनी दिसलं. त्या प्लेटचा फोटो तिच्या प्रबंधातला मला सगळ्यात आवडलेला फोटो आहे.

म्हणजे आमचं पहिलं वर्तुळ खरं होतं. पण ते आम्लाचं होतं. तेवढीच चिंच किंवा लिंबू घेतलं असतं तरी ते आलं असतं.

आणि गार्सिनॉल?

प्रबंधाची मुदत जवळ आली होती, तरी तिने हट्ट धरला की आता हेक्झेनचा अर्क करायचाच. या वेळी मिठाची आमसुलं घेतली नाहीत. झाडावरून काढलेल्या फळांची साल, बी आणि गर पूर्ण काढून, सावलीत आणि मग ओव्हनमध्ये वाळवलेली. बी राहिली तर त्यातली चरबी हेक्झेनमध्ये उतरते आणि वजनाचे सगळे हिशेब चुकतात. सॉक्सलेट हे अर्क काढायचं उपकरण दिवसभर चाललं. हेक्झेन उडवून दिल्यावर बशीच्या तळाला मधासारखा चिकट, पिवळाधमक थर राहिला.

तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवून प्लेटवर घातला. वेलभोवती जेमतेम मिलिमीटरभर कड. तिने वहीत "क्रियाशील नाही" लिहायला घेतलं आणि मी तिचा हात थांबवला. अगार म्हणजे बहुतांशी पाणीच. वर्तुळ मोठं येण्यासाठी रेणूने त्या पाण्यातून चालत जायला हवं. 600 च्या रेणुभाराचा, तेलकट शेपट्यांचा रेणू वेलच्या काठाशीच बसून राहतो. छोटा, पाण्यात विरघळणारा आम्लाचा रेणू मात्र धावत सुटतो. म्हणून दोन वेगळ्या अर्कांच्या वर्तुळांची तुलना करून "हा जास्त प्रभावी" असं लिहिणं चूक आहे. कोणत्याही परिसंवादात भिंतीवर लावलेल्या पोस्टरांपुढे फिरा, निम्म्यांवर हीच तुलना स्तंभालेख काढून मांडलेली दिसेल. याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्या स्तंभांमागे मुलांची वर्षं गेलेली असतात.

मग द्रव माध्यमात, 96 खान्यांच्या प्लेटमध्ये किमान रोधक मात्रा, म्हणजे वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, काढली. मिलिलिटरला 500 मायक्रोग्रॅमपासून सुरुवात, प्रत्येक पुढच्या खान्यात निम्मं. डीएमएसओ 1 टक्क्याच्या वर जाणार नाही अशी काळजी, आणि त्याचा वेगळा खाना. इथेही अर्काने अडवणूक केलीच. दाट मात्रांमध्ये तो पाण्यात फुटून पिवळट गढूळपणा आला, आता जिवाणू वाढलाय की अर्क साचलाय हे डोळ्यांना कळेना. रेझाझुरिन घातलं, जिवंत पेशी त्याचा निळा रंग गुलाबी करतात. पण सर्वांत दाट खान्यात जिवाणू नसतानाही निळ्याचा जांभळा झाला! जो अर्क डीपीपीएचला इलेक्ट्रॉन देतो तो रेझाझुरिनलाही देणारच. अर्क अँटीऑक्सिडंट आहे ही गोष्टच जिवाणूरोधक चाचणीत खोटी साक्ष देते, हे मी इतक्या स्पष्टपणे तोवर पाहिलं नव्हतं. शेवटी शंकास्पद खान्यांतला एकेक थेंब ताज्या अगारवर पसरून दुसऱ्या दिवशी वसाहती मोजल्या. हा जुना मार्ग, त्यात फसवणूक नाही.

निकाल असा की स्टॅफिलोकॉकसची वाढ पाचव्या खान्यापर्यंत, म्हणजे मिलिलिटरला सुमारे 31 मायक्रोग्रॅमपर्यंत थांबली. ई. कोलाय मात्र पहिल्याच खान्यापासून मजेत वाढला. यातही अर्थ आहे. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाहेरून लिपोपॉलिसॅकराइडचं आणखी एक आवरण असतं आणि तेलकट रेणूंना ते आत येऊ देत नाही. आमच्या पहिल्या पाण्याच्या अर्काने दोन्ही जिवाणूंना रोखलं होतं. आम्ल असा भेदभाव करत नाही. हा इशारा पहिल्या दिवशीच प्लेटवर होता, आम्ही वाचला नाही.

एका गोष्टीवर आम्ही ठाम राहिलो. प्रबंधात "गार्सिनॉलची किमान रोधक मात्रा" असं लिहिलं नाही. आमच्याकडे शुद्ध गार्सिनॉल नव्हतं, पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर एक ठळक ठिपका आणि त्याच्या अवतीभोवती तीन-चार पुसट ठिपके होते. म्हणून "साल, हेक्झेन अर्क" एवढंच. गार्सिनॉलचं नाव चर्चेच्या प्रकरणात, संभाव्य कारण म्हणून.

एकूण फिनॉलच्या चाचणीचं थोडक्यात सांगते. फोलिन-सिओकाल्ट्यू द्रावण फिनॉल ओळखत नाही, कोणताही क्षपणकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा, पदार्थ दिसला की निळं होतं. क जीवनसत्त्व, क्षपणकारक शर्करा, सगळं त्यात जमा. कोकमाच्या अर्कात शर्करा असतेच. तिने अर्काचा एक भाग पीव्हीपीपीच्या भुकटीतून हलवून, फिनॉल त्या भुकटीला चिकटवून काढून टाकले आणि उरलेल्या द्रावणाचं वाचन मूळ वाचनातून वजा केलं. आकडा खाली आला. खाली आलेला आकडाच प्रबंधात गेला.

लेबल

या सगळ्यात मावशींची लेबलं थांबून राहिली होती. एका रविवारी मी आणि माझी विद्यार्थिनी त्यांच्याकडे गेलो. ओसरीवर आगळाच्या बाटल्या रांगेने ठेवलेल्या, बायका झाकणं लावत होत्या. मी सगळं सांगितलं. अर्क जिवाणू रोखतो, पण आंबटपणामुळे. अँटीऑक्सिडंट नळीत दिसतं, शरीरात गेल्यावर त्यातलं किती शोषलं जातं आणि काय करतं हा वेगळा आणि फार अवघड प्रश्न. आणि खाद्यपदार्थाच्या लेबलवर रोग बरा करण्याचे किंवा टाळण्याचे दावे करायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी मनाई आहे, "जंतुनाशक" हा शब्द थेट त्या वाटेने जातो.

मावशी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मगे लेबलार लिवचां काय?"

मला उत्तर सुचायच्या आत त्यांनी कोपऱ्यातली एक बाटली आणून पुढ्यात ठेवली. मागच्या हंगामातली. आगळाच्या वर, बाटलीच्या गळ्याशी, पांढरट बुरशीचा पातळ पापुद्रा. "जंतू मारतां म्हणतास, तर ह्यां कित्याक येतां?"

दोन महिन्यांत आमच्यापैकी कोणीही विचारला नव्हता असा तो प्रश्न होता. आम्ही दोन जिवाणूंच्या प्लेटवर अडकून पडलो होतो, आणि त्यांच्या धंद्याला नडणारी गोष्ट जिवाणू नव्हतीच. बऱ्याच बुरश्या आणि यीस्ट पीएच 2-3 ला आरामात तग धरतात. आम्ल जिवाणूंना रोखतं, 4.6 च्या खालच्या पीएचला बोट्युलिझम या विषबाधेचा जिवाणू उगवत नाही, त्या अर्थाने आगळ सुरक्षित राहतं. बुरशीला अडवायचं काम मिठाचं, गच्च बसलेल्या झाकणाचं आणि बाटलीत वर हवा किती उरली आहे याचं. त्या बाटलीत मीठ कमी पडलं होतं का, विचारलं. मावशी म्हणाल्या, एका गिऱ्हाइकाने बेताचं मीठ घालून मागितलं होतं, त्यातली ही राहिलेली.

लेबलवर शेवटी घटक, वजन, तारीख आणि "सिंधुदुर्गातील रातांब्यांपासून" एवढंच आलं. गटाने एक छोटा पीएच मीटर घेतला. प्रत्येक घाण्यातली एक वाटी आगळ त्यात मोजून आकडा वहीत लिहितात, शेजारी मिठाचं वजन. मुलीने तोंडी परीक्षेत पहिल्या वर्तुळाचा फोटो आणि सायट्रिक आम्लाच्या वर्तुळाचा फोटो शेजारी शेजारी लावले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "मग तुमचा पहिला निकाल चुकला म्हणायचा?" ती म्हणाली, "नाही सर, निकाल बरोबर होता. आम्ही त्याला नाव चुकीचं दिलं होतं."

या मेमध्ये ती परत आली होती, मावशीच्या घरी सालं वाळत घालायला. या वेळी तिच्या पिशवीत बुरशीसाठी लागणारे बटाटा-डेक्स्ट्रोज अगारचे डबे होते, आणि त्या जुन्या बाटलीतला पापुद्रा उतरवून घ्यायला निर्जंतुक केलेले बोळे.